चौदा ओळींची परवानगी

चाळीस जणांचा होकार आला होता. राहिला होता एकच, आणि तो येणं शक्य नव्हतं. यादीतलं एकेचाळीसावं नाव डेल लुंडग्रेनच्या मुलीचं होतं, आणि ब्रिटला जाऊन तीन वर्षं झाली होती.

डेलने ते नाव यादीत वाचलं, कॉफीचा घोट घेतला आणि पुढच्या ईमेलला उत्तर लिहायला घेतलं. काही तरी वाटायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण गेल्या तीन वर्षांत त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या त्याने सांगितल्या तशा घेतल्या. बहिणीने कुत्रा पाळ म्हणून सांगितलं, त्याने दोन महिने पाळला आणि तिलाच नेऊन दिला. डुलूथच्या टेकडीवरच्या घरात तो रोज सकाळी खिडकीपाशी बसायचा. समोर गोठलेलं सरोवर, पुढ्यात लॅपटॉप. कामात मात्र खंड नाही. लोक म्हणायचे, बिचारा सावरला. लोकांना काय, माणूस वेळच्या वेळी ईमेलला उत्तरं देतो म्हटल्यावर तो सावरलेलाच दिसतो.

काम म्हणजे त्याने बारा वर्षांपूर्वी लिहायला घेतलेला एक कोड. या धंद्यात त्याला लायब्ररी म्हणतात. आयती बांधून ठेवलेली, ज्याला हवी त्याने आपल्या सॉफ्टवेअरला जोडून घ्यावी अशी. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसांना रात्री मास्कमधून हवा देणारी यंत्रं असतात. दर कंपनीचं यंत्र रात्रभराची नोंद आपल्याच तऱ्हेने लिहितं, जणू दुसऱ्याला कळली तर पाप लागेल. डेलची लायब्ररी त्या सगळ्यांच्या नोंदी वाचून नर्सच्या पुढ्यात एक सरळ तक्ता ठेवायची. ती फुकट होती, उघडी होती आणि जगातल्या कुणीही तिच्यात दुरुस्ती सुचवावी अशी होती.

फुकट असली तरी परवाना लागतोच. बारा वर्षांपूर्वी डेलने तो पाच मिनिटांत निवडला होता, सगळे घेत होते तोच. कडक परवाना होता. आमचा कोड घ्या, पण त्याला जोडून जे काही बनवाल तेही असंच उघडं ठेवा. या लोकांत कडक परवाना बरा की सैल, यावरून भावकीच्या वरताण भांडणं होतात. वीस वर्षांचे दोस्त एकमेकांचं तोंड बघत नाहीत. डेल त्या भांडणांत कधी पडला नाही. त्याला फक्त नर्सचा तक्ता हवा होता.

आता मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या बावीस छोट्या दवाखान्यांना ती लायब्ररी हवी होती. त्यांच्या वकिलाने कळवलं, की आमच्या सॉफ्टवेअरचा अर्धा भाग कुलपातला आहे, तो उघडा करता येत नाही, तुमचा परवाना आम्हाला चालायचा नाही. महिनाअखेरपर्यंत सैल परवाना केलात तर तुमचं घेऊ. नाही तर एका कंपनीचं घेऊ. त्या कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त तिचीच यंत्रं वाचायचं. म्हणजे जुनं, दुसरीकडचं यंत्र वापरणाऱ्या म्हाताऱ्यांनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

परवाना बदलायचा तर ज्याने ज्याने त्यात ओळ लिहिली त्याची परवानगी लागते. ओळ ज्याची, हक्क त्याचा. बारा वर्षांत एकेचाळीस जणांनी हात लावला होता. त्यांना शोधून काढायचं काम नदीन ऊलेटने केलं. ही कॅनडातल्या मंक्टनची, तीस वर्षं नर्स म्हणून राबलेली बाई, निवृत्त झाल्यावर कोड लिहायला शिकली आणि डेलच्या लायब्ररीला येऊन चिकटली. तिने एकेकाला गाठलं. एकाने बारा वर्षांपूर्वी फक्त एक स्वल्पविराम दुरुस्त केला होता. त्याने 'विराम सहर्ष दान' असं लिहून पाठवलं.

शुक्रवारी तिचा फोन आला.

"डेल, बाबा रे, ते शेवटचं नाव. मी विचारणार नव्हते, पण तारीख जवळ आली."

"विचार ना."

"चौदाच ओळी आहेत तिच्या. मी त्या बघितलेल्या नाहीत, मुद्दाम. त्यांचं काम काय ते तू मला तोंडी सांग, मी माझ्या पद्धतीने नव्याने लिहिते. जुन्या काढून टाकू. तासाभराचं काम. कुणाची परवानगी नको, काही नको."

ही रीतच आहे. परवानगी मिळत नसेल तर त्या माणसाच्या ओळी उपटायच्या आणि ज्याने त्या पाहिलेल्या नाहीत त्याच्याकडून नव्या लिहून घ्यायच्या. डेलने स्वतः दोनदा असं केलं होतं.

"नको," तो म्हणाला.

"बरं," नदीन म्हणाली. "मग वारसांची सही लागेल. तुझी आणि तिच्या आईची. दोघांची."

"माहीत आहे."

"बोलता का तुम्ही एकमेकांशी?"

"ख्रिसमसला कार्ड येतं."

"देवा," नदीन म्हणाली आणि कागद तयार करून पाठवते म्हणाली.

त्या ओळी ज्या फाइलमध्ये होत्या ती डेलने ब्रिट गेल्यापासून उघडलेली नव्हती. निदान त्याची तशी समजूत होती. त्या कशा आल्या ते मात्र त्याला लख्ख आठवत होतं. ब्रिट सोळा वर्षांची होती. तिच्या आईची, कोरीनची आई, म्हणजे वर्ना आजी, असलंच एक यंत्र लावून झोपायची. विमा कंपनीने आजीला पत्र पाठवलं, की तुम्ही एक रात्र यंत्र लावलं नाहीत, असंच चाललं तर यंत्र परत न्यावं लागेल. आजी हटून बसली, मी लावलं होतं. ब्रिटने ती रात्र शोधली. एकोणतीस फेब्रुवारी. त्या यंत्राच्या घड्याळाला लीप वर्ष ठाऊकच नव्हतं, आणि डेलच्या लायब्ररीने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. तीन आठवडे खपून ब्रिटने चौदा ओळी लिहिल्या.

आणि डेलने त्या दोनदा परत पाठवल्या. घरचं माणूस असलं तरी रांग चुकवायची नाही, हा त्याचा बाणा. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, आणि शेरे मात्र सगळं जग मधे घालून लेखी. 'नाव अधिक स्पष्ट हवे.' 'चाचणी जोडावी.' तिने खाली सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं, 'बाबा, तू समोरच बसलायस. तोंडाने सांग ना.' तिसऱ्या वेळी त्याने त्या घेतल्या. हे सगळं त्याला तारीखवार आठवत होतं. आठवायचं आणि निघून जायचं, मागे काही राहायचं नाही.

शनिवारी सकाळी तो टू हार्बर्सला निघाला. कोरीन तिथे राहायची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. रस्ता तोच, सरोवराच्या कडेने जाणारा. ब्रिटची गाडी ज्या वळणावर बर्फावरून घसरली ते वळण आलं. डेलने वेग कमी केला, कारण पाटीवर तसं लिहिलं होतं. वळण गेलं. रेडिओवर हॉकीचा निकाल सांगत होते, तो त्याने पूर्ण ऐकला.

"बूट बाहेर काढ, आत्ताच पुसलंय," कोरीनने दार उघडता उघडताच सांगितलं. मग त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बारीक झालास."

"तू नाही झालीस."

"आल्या आल्या सुरू का?" पण ती बाजूला झाली. गॅसवर जंगली तांदळाचं सूप शिजत होतं. "बस. आणि नीट सांग. फोनवर 'ब्रिटची सही हवी' म्हणालास, मला वाटलं तुझं डोकं फिरलं."

त्याने नीट सांगितलं. दवाखाने, वकील, एकेचाळीस जण, कडक परवाना, सैल परवाना. कोरीन पळी हातात धरून ऐकत होती. इतकी वर्षं त्या लायब्ररीशी एका घरात संसार करूनही तिने ती कधी समजून घेतली नव्हती, आणि त्यानेही समजावून दिली नव्हती.

"म्हणजे तिच्या नावावर अजून काही आहे," ती म्हणाली.

"चौदा ओळी."

"आणि वारस आपण."

"निम्मे निम्मे. सात सात ओळी."

तो हे गंभीरपणे म्हणाला. कोरीन हसली, आणि हसू अर्ध्यातच थांबवून तिने गॅस बारीक केला.

"नवीन परवान्यात काय होणार? कुणीही उचलून न्यायचं?"

"न्यायचं, बदलायचं, विकायचं, कुलपात ठेवायचं. सगळं चालतं. अट एकच. ज्यांनी लिहिलं त्यांची नावं पुसायची नाहीत."

"कधीच?"

"कधीच नाही."

कोरीन त्याच्यासमोर येऊन बसली. नदीनचा कागद तिने पुढ्यात ओढला. खाली दोन रेघा होत्या, एक आईसाठी, दुसरी वडिलांसाठी. तिने पेन उचललं आणि परत ठेवलं.

"आधी दाखव."

"काय?"

"त्या ओळी. मी कधी बघितल्याच नाहीत. तुम्ही दोघं टेबलावर खुसपुसत बसायचात, मी भांडी घासत असायचे. दाखव, मग सही करते. कळणार नाहीत मला, तरी दाखव."

डेलने लॅपटॉप उघडला, ती फाइल काढली, खाली खाली गेला. मग परत वर आला. ब्रिटने त्या ओळींना ठेवलेलं नाव टाइप करून शोधलं. सापडलं नाही. दुसऱ्या फाइलमध्ये शोधलं. नाही.

"काय झालं?"

"इथे नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

या लोकांच्या कामाची एक खासियत आहे. तिथे काही हरवत नाही. कोणती ओळ कुणी, कधी, कोणत्या मिनिटाला घातली आणि कुणी काढली, सगळं नोंदवलेलं असतं. माणूस विसरतो, नोंद विसरत नाही. नदीनची यादी त्या नोंदीवरूनच निघाली होती. ज्याने कधी काळी एक ओळ लिहिली तो यादीत आला; ती ओळ आज जागेवर आहे का, हे बघायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. डेलने नोंद उघडली. चौदा ओळी काढल्या गेल्या होत्या. काढणाऱ्याच्या नावापुढे डेल लुंडग्रेन. तारीख एकतीस जानेवारी. कारण म्हणून एकच शब्द, 'साफसफाई'.

त्याने ते दोनदा वाचलं. कोरीन टेबलाला वळसा घालून त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती. तिला कोड कळत नव्हता, पण नाव आणि तारीख कुणालाही वाचता येते.

"एकतीस जानेवारी," ती म्हणाली. "बावीसला दफन झालं."

"हो."

"नऊ दिवस."

"मला आठवत नाही, कोरीन."

"मला आठवतंय. घरभर माणसं होती. चर्चमधल्या बायका डबे घेऊन यायच्या. तू खिडकीपाशी, सगळ्यांकडे पाठ करून. टकटक, टकटक. तुझा भाऊ उठवायला निघाला होता तुला. मीच अडवलं. म्हटलं, असू दे त्याला, तो ब्रिटचंच काही तरी करतोय."

"करत होतो," डेल म्हणाला.

ते बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. कोरीन परत जाऊन खुर्चीवर बसली. तो खुलासा करू लागला, कारण खुलासा त्याला येत होता. त्या यंत्राच्या कंपनीने पुढे स्वतःच घड्याळ सुधारलं. ओळींना काम उरलं नव्हतं. बिनकामाच्या सहाशे ओळी त्याने त्या दिवशी काढल्या होत्या, त्यांत या चौदा. कुणीही काढल्या असत्या. काम बरोबरच होतं.

"बरोबर होतं," कोरीन म्हणाली.

"कामाच्या दृष्टीने."

"मग आता माझी सही कशाला?"

हे डेलच्या लक्षातच आलं नव्हतं. "नाही लागत," तो सावकाश म्हणाला. "ओळीच नाहीत तर परवानगी कसली. चाळीस पुरे आहेत. मी आत्ता नदीनला कळवलं तर आजच परवाना बदलेल."

"आणि ब्रिट?"

"तिचं नाव यादीतून निघेल."

सूप उतू जायला आलं तशी कोरीनने उठून गॅस बंद केला. पाठमोरीच म्हणाली, "परत ठेव."

"त्यांचा काही उपयोग नाही गं."

"उपयोगाचं मला सांगू नकोस, डेल. तीन वर्षं तू तरी कुणाच्या उपयोगी पडलायस?"

"परत ठेवल्या तर तुझी परवानगी लागेल. आणि तू नाही म्हणालीस तर सगळं अडेल. बावीस दवाखाने."

"कळलं मला. ठेव."

आता नियमाने पाहिलं तर त्याने नकार द्यायला हवा होता. बिनकामाची ओळ आत घेऊ नये, हे तो बारा वर्षं लोकांना शिकवत आला होता. आणि ब्रिटची आई चिडलेली होती, सही तिच्या हातात देणं म्हणजे आपणहून मान पुढे करणं होतं. त्याने जुन्या नोंदीतून चौदा ओळी शोधून पडद्यावर आणल्या.

"वाच," कोरीन म्हणाली.

"हे वाचण्यासारखं नसतं."

"वाच म्हटलं ना."

तो वाचू लागला. वर्षाला चारने भागा, बाकी उरली नाही तर इकडे जा, महिना दुसरा असेल तर हे करा. आवाज सरळ, बातम्या वाचल्यासारखा. सहाव्या ओळीला तो अडखळला. ती कॉम्प्युटरसाठी नव्हती. कोड लिहिणारे माणसांसाठी मधेच एखादी टीप लिहून ठेवतात, तशी ती टीप होती. त्याने तीही वाचली. "आजी खोटं बोलत नाही. यंत्र खोटं बोलतंय."

कोरीनने तोंडावर हात ठेवला. डेल उरलेल्या आठ ओळी वाचून मोकळा झाला.

"ठेव आता."

या नोंदीत दोन रकाने असतात, ओळी लिहिल्या कुणी आणि जमा केल्या कुणी. पहिल्यात त्याने ब्रिटचं नाव टाकलं, दुसऱ्यात आपलं. मग लॅपटॉपने कारण विचारलं. कारण लिहिल्याशिवाय तो काही आत घेत नाही.

"काय लिहू?"

कोरीनने बराच विचार केला. त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या आवाजातली धार गेली. "लिही, चुकून गेल्या होत्या."

त्याने तसं लिहिलं. पाहत बसला. ते खरं नव्हतं, आणि ती ते त्याच्यावरच्या दयेने सांगत होती, हे त्याला कळलं. त्याने एकेक अक्षर मागे खोडलं. नव्याने लिहिलं, 'या ओळी ब्रिट लुंडग्रेनच्या आहेत. मी काढल्या होत्या. परत ठेवतो आहे.' आणि बटण दाबलं. आता ते सगळीकडे गेलं, चाळीस जणांकडे, वकिलाकडे, जो कुणी पुढे कधी लायब्ररी घेईल त्याच्याकडे. परत खोडता येण्यासारखं ते नव्हतं.

डेलला वाईट वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा, साधं, सरळ वाईट वाटलं. छातीत कुठे तरी दुखू लागलं, आणि ते काय आहे हे ओळखायला त्याला थोडा वेळ लागला.

कोरीनने कागद जवळ ओढून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. बोट ठेवून, सावकाश.

"नावं पुसायची नाहीत. हे सगळ्यांना लागू?"

"सगळ्यांना."

"तुलाही?"

"मलाही."

तिने आईच्या रेघेवर सही केली. तारीख घातली. मग कागद त्याच्याकडे फिरवला आणि पेन त्यावर ठेवलं.

"तुझी राहिलीय."

खरंच राहिली होती. चाळीस माणसांचे होकार गोळा होत असताना, इथवर गाडी हाकत येताना, त्याने आपली सही केलीच नव्हती, आणि ती करायची आहे हेही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. डेलने पेन उचललं. रेघेवर टेकवलं. खाली 'मयत ब्रिट लुंडग्रेन हिचे वडील' असं छापलेलं होतं. पेन पुढे सरकेना. बारा वर्षांत जगभरच्या माणसांचं काम 'मंजूर' म्हणून आत घेतलेल्या त्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येईना.

"कोरीन," तो म्हणाला, "मला जमत नाहीये."

"असू दे," ती म्हणाली. "महिनाअखेरीला अजून अकरा दिवस आहेत." आणि ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.